एमएमपी-९ ‘मेलंय’ असं ठरवण्याआधी या चुका टाळा

रिकॉम्बिनंट मानवी एमएमपी-९ (प्रथिनं कापणारं एन्झाइम, म्हणजे प्रोटिएज) बफरमध्ये घातलं, फ्लुरोजेनिक सब्स्ट्रेट (कापला गेला की चमकणारा पदार्थ) टाकला आणि प्लेट रीडरवर रेघ आडवीच्या आडवी. लगेच पुरवठादाराला तक्रारीचा मेल जातो. जरा थांबा. आधी ती रेघ कुठे आडवी आहे ते बघा: खाली, ब्लँकच्या (एन्झाइम न घातलेल्या नमुन्याच्या) बरोबरीने, की वर?

वर असेल तर एन्झाइम मेलेलं नाही, जास्त झालंय. पहिलं रीडिंग येईपर्यंतच सब्स्ट्रेट संपलाय. दहापट, शंभरपट पातळ करून बघा आणि वेग काढताना सुरुवातीचा सरळ चढच धरा.

खाली असेल तर लेबल वाचा. हे एन्झाइम बरेचदा प्रो-स्वरूपात, म्हणजे निष्क्रिय, विकतात. प्रोपेप्टाइडमधलं एक सिस्टीन सक्रिय केंद्रातल्या जस्ताला धरून बसलेलं असतं आणि ते सुटल्याशिवाय काहीच घडत नाही. ते सोडवायला सहसा एपीएमए वापरतात, १ मिलिमोलर, ३७ अंशांवर. सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथेच. एमएमपी-२ साधारण तासाभरात सक्रिय होतं, म्हणून तोच प्रोटोकॉल एमएमपी-९ला लावला जातो. याला मात्र बरेच प्रोटोकॉल २४ तास देतात. खात्री हवी असेल तर थोडा नमुना जेलवर चालवा. ९२ किलोडाल्टनच्या आसपासचा बँड ८२च्या जवळ उतरलेला दिसला पाहिजे. डीटीटीसारखं थायॉल (गंधकाचं संयुग) बफरमध्ये असेल तर एपीएमए त्याच्याशीच अडकतं आणि वर डीटीटी जस्तावरही डोळा ठेवून असतं. एपीएमए हे पाऱ्याचं संयुग आहे, ते सिंकमध्ये ओतू नका. त्याचा कचरा वेगळा.

मग बफर. ५० मिलिमोलर ट्रिस, १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, ०.०५ टक्के ब्रिज-३५ (एक डिटर्जंट), पीएच ७.५ हे चालतं. हाताशी आहे म्हणून पीबीएस घेऊ नका. त्यातला फॉस्फेट कॅल्शियमला गाठतो आणि बाटली गढूळ होते. ब्रिज-३५ वगळायचा मोह होतो, पण इतक्या पातळ द्रावणातलं प्रथिन प्लास्टिकलाच चिकटून बसतं. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर बदलतो: २५ अंशांना ७.५ केलेला ३७ला ७.२च्या घरात येतो, त्यामुळे ज्या तापमानाला प्रयोग करणार त्यालाच पीएच लावलेला बरा.

एन्झाइमला लागणारं कॅल्शियम आणि जस्त पकडून ते बंद पाडणारं ईडीटीए चोरपावलांनी येतं. प्रोटिएज इनहिबिटर कॉकटेलमधून, ट्रिप्सिन-ईडीटीएमधून, ईडीटीएच्या नळीत घेतलेल्या प्लाझ्मामधून. कॉकटेल वापरायचंच असेल तर ईडीटीए नसलेलं घ्या.

साठवणीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पहिल्यांदा वितळवलं की लगेच छोटे ॲलिकॉट (एकेका वापरापुरते वाटे) करून उणे ८० अंशांना ठेवा, तेच ते पुन्हा गोठवू नका, व्हॉर्टेक्स तर नकोच.

नवा लॉट आला की मायक्रोग्रॅमवर मात्रा ठरवायची सवय सोडा. वजन सारखं असलं तरी दोन लॉटची सक्रियता सारखी असेलच असं नाही. त्याच सब्स्ट्रेटवर दोन्ही शेजारीशेजारी चालवा. आणि प्रत्येक प्लेटवर एक विहीर जादा ईडीटीएची ठेवा. कॅल्शियम १० मिलिमोलर असेल तर ईडीटीए त्याच्या दुप्पट तरी हवं. तिथेही सिग्नल चढत राहिला, तर तुम्ही मोजताय ते एमएमपी-९ नाही, दुसराच कुठला तरी प्रोटिएज आहे.