ऑटोपायलट घ्यायच्या आधी आणि घाट उतरायच्या आधी

दाजींनी दोघा पार्टनरांबरोबर एक जुनी 25 फुटी शिडाची बोट घेतलीय. बोट असते दाभोळच्या खाडीत आणि आम्ही साताऱ्यात, म्हणजे एक स्क्रू विसरला की पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण सगळं परत. (कोयनेचं पाणी वीज करून झाल्यावर वाशिष्ठीत सोडतात आणि वाशिष्ठी दाभोळलाच समुद्राला मिळते, त्यामुळं पाणी आपलं आमच्या आधी पोचतं.) पावसात बोट वर ओढून ठेवलेली असते, नारळी पौर्णिमेनंतर परत पाण्यात, आणि तेवढ्यात ऑटोपायलट, म्हणजे सुकाणू आपोआप धरून बोट ठरल्या दिशेला नेणारं यंत्र, बसवायचाय. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, म्हणून ही यादी माझ्याच गळ्यात पडली. अजून कुणाला घ्यायचा असला तर बघा, ज्या क्रमानं मी केलं त्याच क्रमानं लिहितोय, कारण आम्ही पहिल्यांदा सुरुवात केली ती ब्रँड आणि किमतीपासून आणि तिथंच दोन आठवडे गेले.

पहिलं म्हणजे बोट वळते कशानं ते बघा. सुकाणूला सरळ लाकडी दांडा असला, म्हणजे टिलर, तर टिलर पायलट लागतो, एक हातभर नळी असते आणि तिच्यातला रॉड दांड्याला ढकलतो ओढतो, बास. चाक असलं तर चाकावर बसणारा व्हील पायलट किंवा मग खाली डेकच्या आत थेट सुकाणूच्या खांबाला जोडणारा ड्राइव्ह, हा महाग पण दमदार. आणि आउटबोर्ड इंजिनाला (बोटीच्या मागं बाहेरून लावतात ते) हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग असलं तर पंप येतो, तिथं सिलिंडर किती सीसीचा आहे ते आधी बघायचं, कारण पंप त्या मापावरच निवडतात, रेमरीन कंपनीचा टाइप 1 पंप 80 ते 230 सीसीच्या सिलिंडरला चालतो, त्याहून लहान 50 ते 110 साठी वेगळा. पंप छोटा पडला की सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला उशीर लावतं आणि बोट सापासारखी चालते. आमचा टिलर, त्यामुळं हायड्रॉलिकचा विषय इथंच सोडतो.

दुसरं वजन, आणि इथं बहुतेक जण फसतात. दाजी म्हणले बोट 2300 किलोची, कागदावर आहे. अहो पण कागदावरची बोट रिकामी असते. मी वही काढली, पाण्याची टाकी 100 लिटर म्हणजे 100 किलो, डिझेल 40 लिटर म्हणजे साधारण 34, अँकर आणि साखळी 40, दोन बॅटऱ्या 50, चार माणसं 300 (दाजी धरून हे जरा कमीच धरलंय), बाकी स्टोव्ह, भांडी, शिडं, दोऱ्या, जेवण 150. बेरीज 2974. आता रेमरीनचा एसटी 1000 प्लस 3000 किलोपर्यंतच्या बोटीला सांगतात, म्हणजे कागदावर बसतोय, पण मी म्हणलं नको, पाचवा माणूस चढला की संपलं, 4500 पर्यंतचा एसटी 2000 प्लस घ्या. भरलेल्या वजनावर अजून वीसेक टक्के धरून निवडायचा असं समजा. कंपनी जी हद्द सांगते ती गाठायला बघायचं नाही, हद्दीवर चालणारी मोटर कशी जळून येते ते मी दुकानात रोज बघतोय.

वजनाबरोबरच सुकाणूची तब्येत. हाताने टिलर हलवून बघा, खडखड आहे का, खांबात ढिलाई आहे का, कारण ढिल्या सुकाणूला ऑटोपायलट लावला तर तो दिवसभर ढिलाईच भरून काढत बसतो आणि बॅटरी खातो. आणि वाऱ्यात बोट सारखी वाऱ्याकडं वळत असली, हाताला टिलर ओढल्यासारखा लागत असला, तर आधी शीड कमी करा, म्हणजे रीफ घ्या. जे तुमच्या हाताला जड, ते त्या छोट्या मोटरला अजून जड. ऑटोपायलट वाईट आहे अशी तक्रार करणाऱ्या निम्म्या लोकांची शिडंच चुकीची असतात असं मला तरी वाटतंय.

आता माझा विषय, करंट. टिलर पायलट चालू असताना सरासरी अर्धा ते दीड अँपिअर खातो, लाटा वाढल्या की वरच्या टोकाला. एक अँपिअर धरला तर दहा तासात 10 अँपिअर-तास. 75 ची साधी लेड ॲसिड बॅटरी असली तर त्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे 37, आणि त्यात लाइट, वायरलेस, प्लॉटर (नकाशावर बोट दाखवणारा स्क्रीन), मोबाइल चार्जिंग. हिशोब बसतो पण थाटात नाही, म्हणून एक सोलर पॅनल यादीत घातलं. वायर मात्र बारीक घेऊ नका. बॅटरीपासून कॉकपिट, म्हणजे सुकाणू धरून बसायची जागा, 5 मीटर म्हणजे जाऊन येऊन 10 मीटर, मोटर जोर लावताना 5 अँपिअर धरले तर 1 स्क्वेअर एमएमच्या वायरीत जवळजवळ 0.9 व्होल्ट वाटेतच मरतात, 2.5 मध्ये 0.35 च्या आसपास. 12 व्होल्टमधून एक व्होल्ट गेला की पायलट सुस्त होतो आणि मग आपण पायलटलाच शिव्या देतो. कथिल चढवलेली तांब्याची वायर घ्या, घरातली वायर खाऱ्या हवेत आतून हिरवी होते. फ्यूज बॅटरीजवळ, पायलटजवळ नाही.

माप घेणं हे एकदम कंटाळवाणं आणि एकदम महत्त्वाचं. वरच्या दोन्ही मॉडेलना टिलरवरची पिन सुकाणूच्या खांबापासून 460 मिलिमीटरवर येते, आणि पायलटचं मागचं टोक टिलरच्या मधल्या रेषेपासून 589 मिलिमीटरवर, उजव्या बाजूला. दोघांमधला कोन काटकोन पाहिजे आणि पायलट आडवा, लेव्हलमध्ये. टिलर वर खाली असला तर ब्रॅकेट वेगळे मिळतात पण ते आधी मागवावे लागतात. डाव्या बाजूला बसवणार असाल तर सेटिंग बदलायचं, नाहीतर सुकाणू उलटं मारतो. जिथं सॉकेट येणार तिथं सीटखाली लाकूड आहे का नुसतं फायबर तेही ठोकून बघा.

होकायंत्राची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मागच्या सीझनला एकाचा टिलर पायलट उसना आणला होता, या नळीतच होकायंत्र असतं. मस्त चालली होती बोट, दाजी चहा पित होते, पार्टनर म्हणला पाना दे, दाजींनी सीटखालचा पान्यांचा लोखंडी डबा उचलून पुढं ठेवला आणि बोट आपोआप वळायला लागली! तिघंही एकमेकांकडं बघतायत. डबा जिथं होता तिथं होकायंत्र त्याच्या प्रभावात होतं, डबा हलला की त्याची उत्तर दिशाही हलली. म्हणून यादीत लिहा, पायलटपासून किंवा त्याच्या सेन्सरपासून एक मीटरच्या आत लोखंड, स्पीकर, मॅग्नेटवाला मोबाइल होल्डर काही नको. सेन्सर वेगळा बसवायचा प्रकार असला तर तो बोटीच्या मध्याजवळ, खाली, आणि पाण्यात उतरल्यावर शांत जागी हळूहळू गोल फिरून कॅलिब्रेट करायचा. काही नवीन पायलटमध्ये जायरो, म्हणजे वळणं ओळखणारा सेन्सर असतो, मागून लाटा येत असताना बोट वळायला लागली हे त्याला लवकर कळतं, नुसत्या होकायंत्रवाल्याला उशिरा. मागच्या लाटांत जायचं असेल तर इथं पैसे घाला, स्क्रीन मोठी घेण्यात घालू नका.

मोड समजून घ्या. दिशा धरून ठेवणं म्हणजे जागा धरून ठेवणं नाही, भरती ओहोटीचा प्रवाह बोटीला बाजूला नेतो आणि पायलट नाक सरळ ठेवून खुशाल जातो. रस्त्यावरच ठेवायची असेल तर जीपीएसशी जोडावा लागतो, तेव्हा तुमचा प्लॉटर एनएमईए 0183 बोलतो का एनएमईए 2000 (बोटीवरच्या उपकरणांच्या आपसात बोलायच्या या दोन भाषा) ते विकत घ्यायच्या आधी विचारा, प्लग वेगळे असतात. वाऱ्याचा कोन धरणारा मोड शिडाच्या बोटीला छान, पण वारा फिरला की बोटही गुपचूप फिरते.

बामणोलीचे एक ओळखीचे लाँचवाले विचारत होते आम्हालाही बसवू का, मी म्हणलं कोयनेच्या शिवसागर जलाशयात कशाला, पाणी चढतं उतरतं तसे काठ बदलतात, वाट वाकडीतिकडी, तिथं हातच बरा. वारा वापरून सुकाणू धरणारं विंडव्हेनही असतं, वीज लागतच नाही, गोल्डन ग्लोब रेस म्हणजे एकट्यानं शिडाच्या बोटीतून जगाला फेरी मारायची शर्यत, तिच्यात ऑटोपायलटला परवानगीच नाही, विंडव्हेनच वापरतात आणि अभिलाष टॉमी 2023 मध्ये त्याच रेसमध्ये जगप्रदक्षिणा करून दुसरे आले. पण आमच्यासारख्या दाभोळ ते जयगड करणाऱ्यांनी विंडव्हेनच्या नादाला लागू नये.

जिवाचं ते नीट वाचा. पायलट चालू असताना कोणी पाण्यात पडलं तर बोट थांबत नाही, सरळ निघून जाते. एकटं असताना कमरेला पट्टा बांधून बोटीला अडकवायचा, आणि पायलट एका हिसक्यात टिलरवरून निघतो का ते डोळे मिटून करून बघायचं. समुद्रातल्या नियमांत पाचवा नियम नजर ठेवायचा, तो पायलट लावला म्हणून सुटत नाही, आपल्याकडं तर रात्री जाळ्यांचे बोये आणि बिनदिव्याच्या होड्या.

खाली न्यायच्या पिशवीत मग दोन जादा फ्यूज, प्लगला लावायचं ग्रीस, पायलटवर घालायला कव्हर (वॉटरप्रूफ लिहिलेलं असतं, विश्वास ठेवू नका), टिलर बांधायला दोरी म्हणजे पायलट मेला तरी चहा करता येईल, ड्रिल, मीटर, आणि वॉरंटी भारतात चालते का ते दुकानदाराकडून लेखी. सेकंड हँड घेत असाल तर बॅटरीला लावून रॉड दहा वेळा आत बाहेर करा आणि कान लावा, गिअरचा आवाज खोटं बोलत नाही. नवा आला की पहिल्यांदा साताऱ्यातच टेबलावर लावून बघणार आहे, चालला नाही तर घाट तरी वाचेल. ऑर्डर मात्र अजून अडकलीय, कारण टिलर सीटपासून किती उंच येतो ते माप दाजी मागच्या रविवारी घेऊन येणार होते आणि येताना नुसते बांगडे घेऊन आले.