वायरलेस माउसचा सेल लवकर संपतोय? असं करून पाहा

वायरलेस माउसच्या खोक्यावर कुठे बारा, कुठे अठरा महिने बॅटरी चालेल असं छापलेलं असतं. तो कंपनीचा आकडा. घरी त्याच्या निम्मे महिने मिळाले तरी कुरकुर करू नये. पण दर महिन्या-दीड महिन्याला सेल बदलावा लागत असेल, तर माउस कुठेतरी फुकटचा राबतोय. बहुतेकदा हा खर्च आपला हात माउसवर असताना होत नाही, आपलं लक्ष नसताना होतो. म्हणून नवा माउस घ्यायला नागपूरच्या बर्डी बाजारात जाण्याआधी पुढच्या गोष्टी क्रमाने तपासा.

आधी सेल बघा

दुकानात नुसतं ‘पेन्सिल सेल द्या’ म्हटलं, की हातात पडतो तो बहुधा झिंक-कार्बनचा साधा सेल. भिंतीवरच्या घड्याळाला आणि टीव्हीच्या रिमोटला तो पुरतो. माउसला मात्र अल्कलाइन हवा, कारण त्यात साध्या सेलच्या दुप्पट-तिप्पट वीज सहज मावते. वेष्टनावरच्या जाहिरातीवर जाऊ नका. ‘हेवी ड्युटी’ असं ठसठशीत लिहिलेला सेलसुद्धा झिंकचा साधाच असतो. सेलच्या अंगावरचं बारीक अक्षर वाचा: नुसतं ‘आर६’ असेल तर साधा, ‘एलआर६’ असेल तर अल्कलाइन. रिमोटच्या बारीक सेलवर हेच ‘आर०३’ आणि ‘एलआर०३’ असं असतं. म्हणजे शोधायचा तो ‘एल’.

घरात सुटे पडलेले अल्कलाइन सेल नवे की वापरलेले, हे कळत नसेल तर सेल उभा धरून फरशीपासून दोन बोटं उंचीवरून सोडा. नवा सेल थप्पकन बसतो, वापरलेला टुणकन उडतो. आतलं जस्त वापरलं जाऊन त्याचं ऑक्साइड होत जातं, त्यामुळे ही उसळी येते. मात्र प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिलं, की सेल निम्मा संपेपर्यंतच उसळी वाढते, पुढे ती तशीच राहते. तेव्हा उडणारा सेल नवा नाही एवढंच पक्कं. तो मेलेलाच आहे असं नाही.

चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल माउसला उत्तम चालतात, फक्त दोन गोष्टी लक्षात असू द्या. त्यांचा दाब दीडऐवजी सव्वा व्होल्टच्या आसपास असतो, म्हणून काही माउस पहिल्या आठवड्यातच ‘बॅटरी कमी’चा लाल दिवा दाखवू लागतात. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. दुसरं, या जातीचे साधे सेल नुसते पडून राहिले तरी बरेच उतरतात. घेताना ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ प्रकारातले घ्या.

माउसला दोन सेल लागत असतील तर दोन्ही एकाच वेळी, एकाच कंपनीचे घाला. एक नवा-एक जुना अशी जोडी लावली की जुना आधी आटतो आणि बरेचदा गळायलाही तोच लागतो.

माउस कशावर फिरतोय?

माउसच्या पोटात छोटा कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढतो आणि त्यावरून माउस किती सरकला हे ठरवतो. या फोटोंना उजेड लागतो, आणि तो उजेड सेलमधूनच येतो. खाली चकचकीत सनमायका, काच किंवा गडद रंगाचं पॉलिश असेल तर फोटो नीट येत नाहीत. मग बऱ्याच माउसमध्ये दिवा जास्त जळतो, कर्सर अडखळतो आणि आपणही एकाच जागी पोहोचायला माउस तीनदा ढकलतो. उपाय अगदी स्वस्त आहे: फिकट रंगाचं, चमक नसलेलं कापडी माउसपॅड. ते येईपर्यंत वहीचं पुठ्ठ्याचं, न चकाकणारं कव्हर चालेल.

आता बऱ्याच माउसमध्ये लाल दिवा दिसतच नाही. त्यात इन्फ्रारेड दिवा असतो, डोळ्यांना न दिसणारा आणि वीजही कमी खाणारा. माउस चालू आहे का हे बघायचं असेल तर त्याचं पोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा. पुष्कळ फोनमध्ये फिकट जांभळा ठिपका दिसतो.

बटण कधी बंद करायचं

रात्री टेबलावर ठेवलेल्या माउसचं बटण रोज बंद करण्याची धडपड मला अनावश्यक वाटते. हात काढल्यावर थोड्या वेळात माउस आपोआप झोपी जातो. झोपेत तो ०.१ मिलीअँपिअर खातो असं धरलं, तरी सोळा तासांत १.६ मिलीअँपिअर-तास होतात. चांगल्या अल्कलाइन सेलमध्ये दोन हजारांहून जास्त असतात. करा हिशेब!

खरा चोर आहे बॅग. नागपूरबाहेरच्या मिहान या उद्योग-वसाहतीत रोज गाडीवरून किंवा मेट्रोने कामाला जाणाऱ्यांच्या लॅपटॉप-बॅगेत माउस चालूच राहिला, तर प्रत्येक खड्ड्याला आणि प्रत्येक धक्क्याला तो जागा होतो. जागा झाला की आपल्या रिसीव्हरला, म्हणजे लॅपटॉपच्या यूएसबीत लावायच्या त्या इवल्याशा तुकड्याला, हाका मारत सुटतो. लॅपटॉप बंद, उत्तर द्यायला कोणी नाही. शिवाय वहीखाली क्लिकचं बटण दाबलं गेलं तर विचारूच नका. म्हणून नियम एकच: बॅगेत जाणारा माउस बंद करून जातो. खालचं बटण नसलेल्या जुन्या मॉडेलांपैकी काही, रिसीव्हर पोटातल्या खाचेत बसवला की बंद होतात. तेही नसेल तर सेल काढून ठेवा.

रिसीव्हरची जागा

टेबलाखाली लोखंडी कॅबिनेट, त्याच्या मागच्या बाजूला रिसीव्हर आणि वर माउस, अशी मांडणी आपल्याकडे घरोघरी आहे. सिग्नल नीट पोहोचला नाही की माउसला तीच माहिती पुन्हा पुन्हा पाठवावी लागते. रिसीव्हर पुढच्या पोर्टमध्ये लावा. निळ्या यूएसबी ३ पोर्टपेक्षा काळ्या यूएसबी २ पोर्टला पसंती द्या, कारण यूएसबी ३ मुळे होणारी रेडिओ लहरींची गडबड नेमकी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास होते आणि माउसही तिथेच बोलतो. इंटेलने २०१२ सालीच यावर टिपण काढलं होतं. सगळे पोर्ट निळेच असतील तर हातभर एक्स्टेंशन केबल लावून रिसीव्हर दूर घ्या.

गेमिंग माउस असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये पोलिंग रेट (माउस सेकंदाला किती वेळा कॉम्प्युटरला आपली खबर देतो तो आकडा) १००० वरून १२५ वर आणा आणि रंगीत दिवे बंद करा. एक्सेल भरायला याहून जास्त लागत नाही.

उन्हाळा

नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या पुढे. उष्णतेने सेल आपोआप उतरण्याचा वेग वाढतो, आणि आत लिथियम बॅटरी असलेल्या माउसची तर बॅटरीच लवकर म्हातारी होते. बंद कारमध्ये किंवा गाडीच्या डिक्कीत माउस दुपारभर सोडू नका. संपलेले सेल गच्चीवर उन्हात ठेवून ‘चार्ज’ करायची जुनी रीत आहे. गरम झालेला सेल घटकाभर जोर दाखवतो खरा, पण नवी वीज त्यात येत नाही, आणि आपल्याकडच्या उन्हात तो गळतो मात्र हमखास. फ्रिजमध्ये ठेवूनही फायदा नाही. बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं. कूलरच्या झोतासमोर माउस ठेवत असाल तर जागा बदला. ओलसर हवेने आतल्या स्प्रिंगवर गंज चढतो आणि चांगला सेलही संपल्यासारखा वागतो.

सुट्ट्यांत महिनाभर गावी जाणार असाल तर सेल काढूनच जा. परत आल्यावर खाचेत पांढरी भुकटी दिसली तर अल्कलाइन सेल गळला आहे असं समजा. हाताला लागू देऊ नका. कान कोरायच्या कापसाच्या काडीवर थेंबभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन स्प्रिंग पुसा, मग किंचित ओल्या काडीने पुन्हा पुसा, आणि पूर्ण वाळल्यावरच नवा सेल घाला.