मनगटाचं ओपन फ्रॅक्चर: प्लेट की फिक्सेटर?

घोडबंदर रोडवर किंवा सायन-पनवेल महामार्गावर दुचाकी घसरली की माणूस हात टेकतो. रेडिअसचा (पुढच्या हातातलं अंगठ्याच्या बाजूचं हाड) खालचा भाग मोडतो आणि हाड बऱ्याचदा अल्नाच्या, म्हणजे करंगळीच्या बाजूने कातडी फाडून बाहेर येतं. हे ओपन फ्रॅक्चर. हाड आतून प्लेट लावून धरायचं की बाहेरून फिक्सेटरने (पिना आणि दांड्यांची चौकट), हा पुढचा निर्णय एक्स-रेवर सोडू नका. जखम, तिच्यातली घाण आणि रुग्णाची एकूण अवस्था, या तीन गोष्टी तो ठरवतात.

कॅज्युअल्टीत आधी श्वास आणि रक्तस्राव बघा. छाती, पोट, पेल्व्हिस (कंबरेची हाडं) तपासा. पण अँटिबायोटिक त्यासाठी थांबवू नका. पहिल्या तासाच्या आत सेफॅझोलिन 2 ग्रॅम शिरेतून द्या, वजन 120 किलोच्या वर असेल तर 3 ग्रॅम. टाइप 3 जखमेत (गस्टिलोच्या 1 ते 3 वर्गीकरणातली सर्वांत गंभीर) ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंसाठीही औषध लागतं. रुग्ण शॉकमध्ये असेल तर जेन्टामायसिन किडनीला जड जातं, तिथे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन बरं. टिटॅनसचं इंजेक्शन द्या, जखमेचा एक फोटो काढा, वर सलाइनमध्ये भिजवलेला गॉज ठेवा, हात सरळ करून स्लॅब (प्लास्टरची पट्टी) लावा. त्यानंतर ओटीपर्यंत (ऑपरेशन थिएटर) पट्टी उघडायची नाही.

भूल देण्याआधी अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाची संवेदना तपासून वेळेसकट लिहा. मार लागल्या क्षणापासून बधिर असलेली आणि तशीच राहिलेली मीडियन नर्व्ह (या बोटांना संवेदना देणारी नस) बहुतेकदा ठेचलेली असते. हाड जागेवर आणल्यावरही बधिरपणा आणि वेदना वाढत असतील तर तो अ‍ॅक्यूट कार्पल टनेल, म्हणजे मनगटातल्या बोगद्यात ही नस दाबली जातेय. लगेच मोकळा करा.

हाताला रक्तपुरवठा नसेल, किंवा जखमेत गटाराचं अथवा खाडीचं पाणी, चिखल गेला असेल, तर रात्रीच ओटी. बाकी जखमांचं डिब्रिडमेंट (मेलेला भाग आणि घाण काढणं) 24 तासांच्या आत झालं पाहिजे.

गस्टिलो टाइप ओटीत, जखम वाढवून आत बघितल्यावरच ठरवा. बाहेर अर्ध्या सेंटिमीटरचं भोक आणि आत प्रोनेटर क्वाड्रेटस या मनगटाजवळच्या स्नायूचा चुरा, असं सर्रास आढळतं. टॉर्निके (रक्तपुरवठा थांबवणारा फुगवायचा पट्टा) बांधा, पण स्नायू तपासताना फुगवू नका, कारण जिवंत स्नायू ओळखायची खूण म्हणजे त्यातून येणारं रक्त आणि चिमट्याने होणारं आकुंचन. मांसाशी नातं तुटलेले कॉर्टिकल (हाडाच्या कठीण कवचाचे) तुकडे काढा. सांध्याच्या पृष्ठभागाचे मोठे तुकडे मात्र धुऊन जपा. साधं सलाइन, कमी दाबाने, टाइप 1 ला 3 लिटर, टाइप 3 ला 9 लिटरपर्यंत. जोराच्या फवाऱ्याने घाण आणखी आत जाऊ शकते.

जखम स्वच्छ झाली, कातडी ताण न देता मिटते आणि रुग्ण स्थिर आहे, तर त्याच बैठकीत व्होलर प्लेट (तळव्याच्या बाजूने) लावा. मग डिस्टल रेडिओ-अल्नर सांधा (मनगटाजवळ रेडिअस आणि अल्ना जिथे जुळतात तो) हलवून बघा. हे राहून जातं आणि पुढे पंजा फिरवताना दुखतं.

घाण उरली असेल, मांस गेलं असेल, किंवा रक्तातलं लॅक्टेट (शॉकची खूण) 4 mmol/L च्या वर असेल, तर स्पॅनिंग, म्हणजे मनगटाचा सांधा ओलांडून जाणारा फिक्सेटर. दोन पिना दुसऱ्या मेटाकार्पलमध्ये (तर्जनीच्या मागचं तळहाताचं हाड), दोन रेडिअसमध्ये, सांध्यापासून साधारण 10 सेंटिमीटर वर. रेडिअसच्या पिनांसाठी 2 ते 3 सेंटिमीटरचा छेद घेऊन रेडिअल नर्व्हची वरवरची शाखा डोळ्यांनी बघा. आंधळेपणाने पिन घातली तर ती कापली जाते. 48 तासांनी पुन्हा ओटी. टेंडन (स्नायूबंध) उघडे राहणार असतील तर प्लास्टिक सर्जनला पहिल्याच दिवशी बोलवा, म्हणजे आठवड्याच्या आत फ्लॅप (दुसरीकडची कातडी-मांस आणून झाकणं) होतो.

फिक्सेटर घट्ट करण्याआधी पाचही बोटं तळव्यापर्यंत सहज मिटतात का बघा. मिटत नसतील तर ताण जास्त झालाय. सैल करून पुन्हा सी-आर्मखाली (ओटीतलं एक्स-रे यंत्र) बघा.