सेवा क्लबची मंगळवारची सभा ओस पडतेय? या चुका टाळा

सभेची वेळ साडेसात. साडेसातला हॉलमध्ये कोण असतं? सचिव, चहावाला आणि एक निवृत्त प्राध्यापक, जे वेळेवर येण्याची शिक्षा गेली कित्येक वर्षं भोगताहेत. अध्यक्षांना फोन लावला तर "आलोच, व्हीनस कॉर्नरला आहे" असं उत्तर येतं आणि मागून दुकानाचं शटर ओढल्याचा आवाजही येतो.

कोल्हापुरातल्या एका क्लबाचा मी दोनदा सचिव होतो. खाली लिहिलेली प्रत्येक चूक आम्ही केली आहे, काही तर दोन्ही खेपेला. त्याचं कारण सरळ आहे. रोटरी असो की लायन्स, वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. अध्यक्ष बदलतो, त्याच्याबरोबर वही, शिक्का जातो आणि वर्षभरात लागलेल्या ठेचाही जातात. नव्या अध्यक्षाची पाटी कोरी, त्यामुळे ठेचही नव्याने.

आधी सभेचंच घ्या. साडेसात ठरलंय तर चारच माणसं असली तरी साडेसातला घंटा वाजवा. पहिले दोन मंगळवार नाराजी होते, तिसऱ्याला माणसं येतात. पण त्याआधी वेळच बरोबर आहे का ते बघा. लक्ष्मीपुरीतला व्यापारी आठच्या आधी गल्ला सोडत नाही, डॉक्टरांची ओपीडी नऊला संपते. आमच्यात दोन्ही भरपूर आणि सभा साडेसातला, कारण पंधरा वर्षांपूर्वीच्या कुणा अध्यक्षाला ती वेळ सोयीची होती!

रोटरीने २०१६ मध्ये नियम सैल केले, महिन्यातून किमान दोन सभा घेतल्या तरी चालतं. त्याआधी हजेरीची सक्ती होती. सभा चुकली की दुसऱ्या क्लबच्या सभेला जाऊन ती भरून काढायची. याला 'मेकअप' म्हणत. "आज मेकअप करायला सांगलीला चाललोय" हे ऐकून एका नव्या सदस्याच्या सौभाग्यवतींचा काय गैरसमज झाला असेल ते सांगायला नको. सूट मिळाल्यावर बऱ्याच जणांनी सभाच निम्म्या केल्या. मला ते पटत नाही. सभा दर आठवड्याला ठेवा, पण एकाआड एक सभेला पाहुणा बोलवू नका. त्या दिवशी नुसती कामं बोलायची.

पाहुणा बोलावलाच तर त्याला बोलू द्या. शाल, श्रीफळ, फेटा, पानभर परिचय, परिचय करून देणाऱ्याचे आभार. मंचावर नऊ आणि खाली अकरा माणसं. ज्याला अर्ध्या तासासाठी बोलावलं त्याच्या वाट्याला बारा मिनिटं, तीही जेवणाचा वास येऊ लागल्यावर. परिचय तीन वाक्यांत संपवा. मंचावर दोन खुर्च्या पुरतात.

रक्तदान शिबिर कुणाच्या सोयीचं?

हा विषय जरा सविस्तर सांगतो, कारण इथे चांगल्या मनाने केलेलं सर्वांत जास्त वाया जातं. २६ जूनला शाहू जयंती. त्या दिवशी तालमींची शिबिरं, मंडळांची शिबिरं, क्लबचंही शिबिर. वर पुढाऱ्यांचे वाढदिवस वेगळे. आम्हीही एका वर्षी असाच आकडा फुगवला, फोटो झकास आला. ब्लड बँकेतल्या बाईंनी नंतर शांतपणे विचारलं, "सर, हे सगळं आज आलं. महिन्याभराने काय करू?"

सर्वसाधारण पिशवीतलं रक्त ३५ दिवस टिकतं. त्यातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट फक्त ५ दिवस. एकदा रक्त दिलं की पुरुषाला तीन महिने आणि स्त्रीला चार महिने पुन्हा देता येत नाही. म्हणजे जूनच्या शेवटी सगळं गाव एकदम दाते झालं, तर ते सप्टेंबर संपेपर्यंत मोकळं नाही. डेंगी नेमका त्याच पावसात येतो. टंचाई होते ती एप्रिल-मे महिन्यांत, कॉलेजं बंद असताना, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत. तारीख ठरवताना क्लबचं कॅलेंडर बघू नका, आधी ब्लड बँकेला फोन करा: कधी हवंय, किती पिशव्या पेलतील? शंभराचं एक शिबिर करण्यापेक्षा पंचवीसची चार करा. बातमी छोटी येईल, येऊ दे.

आणखी एक. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली असलं की दात्याला परत पाठवतात. यात बायका जास्त. "रक्त कमी आहे" एवढंच ऐकून ती बाई खाली मान घालून निघून जाते. तिचं नाव लिहून घ्या, क्लबमधल्या डॉक्टरांकडे पाठवा, दोन महिन्यांनी विचारा. ज्यांनी रक्त दिलं नाही त्यांची वही आमच्याकडे आता आहे, आणि ती दात्यांच्या वहीइतकीच कामाची निघाली.

पूर येण्याआधीच्या चुका

जुलैत पदग्रहण, जुलैतच पंचगंगा चढायला लागते. नव्या अध्यक्षाचे हार उतरायच्या आत राजाराम बंधाऱ्याची पातळी मोबाईलवर यायला लागते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. आमची चूक ही, की ४३ झाल्यावर सभा बोलवायची आणि मग तासभर ठरवायचं काय करायचं. २००५, २०१९, २०२१ बघितलेल्या शहरात हे शोभत नाही. जूनच्याच सभेत लिहून ठेवा: ३९ ला कोण कुणाला फोन करणार, ४३ ला स्वयंपाक कुठे लागणार, टेम्पो कुणाचा.

२०१९ साली महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि शहर तुटलं. आमचं सगळं साहित्य एकाच गोदामात, आणि माणसं पलीकडच्या काठावर. तेव्हापासून निम्मा माल शिरोलीच्या बाजूला, निम्मा अलीकडे.

जुने कपडे गोळा करू नका. पुन्हा सांगतो, करू नका. फाटक्या साड्यांची आणि एकेका बुटाची पोती आम्ही एका गावात पोचवली, आणि त्या लोकांना चिखल काढायचं सोडून आमची पोती हलवावी लागली. पाणी ओसरल्यावर लागतात फावडी, खराटे, ब्लीचिंग पावडर, पाण्याची मोटर, जनावरांना चारा. आणि लागतो वीजमीटर तपासून "आता स्विच लावा" असं सांगणारा माणूस. १९०५ साली शिकागोत रोटरी निघाली तेव्हा वेगवेगळ्या व्यवसायातली माणसं एकत्र यावीत हाच तर विचार होता. आमच्यात इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर होते, त्यांना आम्ही बिस्किटं वाटायला उभं केलं होतं!

झाडांचं थोडक्यात सांगतो. जुलैत लावलेलं झाड मे महिन्यात जगलं का ते विचारा. ज्याच्या नावाने पाणी घालणारा माणूस ठरलेला नाही, तो खड्डा खणू नका.

हिशेब

हे कंटाळवाणं आहे, म्हणूनच राहून जातं. क्लबचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. आम्ही तीन वर्षांचे एकदम दिले. त्यातले एक माजी अध्यक्ष तोवर पुण्याला मुलाकडे राहायला गेले होते, त्यांच्या सहीसाठी दोन फेऱ्या झाल्या. बँकेतल्या सह्या बदलायचं कामही जुलैच्या पहिल्या आठवड्यातच उरका, नाहीतर पुरात चेक कोण काढणार? देणगीवर आयकराची सवलत हवी असलेल्या देणगीदाराकडून २,००० रुपयांच्या वर रोख घेऊ नका, त्याला ती मिळत नाही. आणि देणगीची माहिती आयकर खात्याला ३१ मेपर्यंत भरायची असते, ती आठवण ठेवायचं काम खजिनदारावर एकट्यावर टाकू नका. तोही बदलतो.

न येणारा सदस्य

तीन मंगळवार माणूस आला नाही की आम्ही व्हॉट्सअॅपवर हात जोडल्याचं चित्र टाकायचो. त्याने कुणीही येत नाही. घरी जा.

आमचे एक अण्णा, क्लबच्या सुरुवातीपासूनचे, चार महिने फिरकले नव्हते. कुणी म्हणालं रुसलेत, कुणी म्हणालं वर्गणी थकलीय. शेवटी मी आणि खजिनदार त्यांच्या मंगळवार पेठेतल्या घरी गेलो. चहा झाला, कांदाभजी झाली, मग म्हणाले, "अरे, तुमचा हॉल दुसऱ्या मजल्यावर. गुडघं माझं ऐकत न्हाईत. सांगायचं कसं?"

पुढच्या मंगळवारपासून सभा तळमजल्यावरच्या छोट्या खोलीत. दाटीवाटीने बसतो. अण्णा सव्वासातलाच येतात, आणि साडेसात झाले की अध्यक्ष आलेले असोत-नसोत, घंटा तेच वाजवतात.