रोटरी पीस फेलोशिपची तयारी: अर्ज उघडायच्या आधी

शांतता आणि संघर्ष निवारण शिकायला पूर्ण खर्चासह पाठवणाऱ्या शिष्यवृत्त्या थोड्याच आहेत. रोटरी या जागतिक सेवासंस्थेची पीस फेलोशिप ही त्यातली मोठी, म्हणून तयारी नीट करा. सुरुवात अनुभवाच्या हिशोबापासून. मास्टर्ससाठी संबंधित क्षेत्रातलं किमान ३ वर्षांचं पूर्णवेळ काम लागतं, आणि शेवटची पदवी व फेलोशिपची सुरुवात यांतही तेवढंच अंतर लागतं. नुकतंच एमएसडब्ल्यू झालं असेल तर घाई नको, आधी काम करा. ५ वर्षं झाली असतील आणि नोकरी सोडणं जमत नसेल, तर याच फेलोशिपचा सर्टिफिकेट कोर्स पाहा. त्याचं केंद्र युगांडातल्या कंपालाला आहे, इस्तंबूलला आहे, आणि आता पुण्यात सिम्बायोसिसलाही. पहिल्याच दिवशी घरात विचारून घ्या: तुम्ही स्वतः किंवा आई-वडील, आजी-आजोबा रोटेरियन, म्हणजे रोटरी क्लबचे सदस्य, असतील तर अर्ज चालत नाही.

मग केंद्र. मास्टर्स आपल्या देशाबाहेरच करायचं असतं. युद्धं आणि हिंसाचाराची आकडेवारी वापरून काम करायचं असेल तर स्वीडनमधलं उप्साला. जगभरच्या सशस्त्र संघर्षांची नोंद ठेवणारा प्रकल्प तिथल्याच विभागात चालतो. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा शांतता अभ्यास विभाग क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या पुढाकारातून १९७३ साली उभा राहिला. टोकियो आणि ब्रिस्बेनचे अभ्यासक्रमही वाचा, पण नावावर भुलून निवड करू नका.

खरा वेळ अर्जातल्या निबंधांना द्या, आणि एकच भांडण निवडा. समजा तुम्ही पाणीवापर संस्थेबरोबर काम केलंत. वरच्या शेतकऱ्यांनी चारी फोडली, टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, आवर्तन पोहोचलंच नाही, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला धक्काबुक्की झाली. बैठक कोणी बोलावली, कोण आलं नाही, पाळ्यांचा तक्ता कोणी लिहिला, पुढच्या आवर्तनात तो पाळला गेला का, हे सगळं लिहा. समेट टिकला नसेल तर का टिकला नाही तेही लिहा. पुढे काय शिकायचंय ते तिथूनच निघतं. ‘मला समाजात शांतता नांदावी असं वाटतं’ हे वाक्य कुणीही लिहील, ते काढून टाका.

शिफारसपत्र तुमचं काम डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाकडून घ्या, पदाकडे पाहून नको. विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा) काढायला वेळ जातो, तो अर्ज आधीच टाका. मार्कशीटवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी असेल तर ते आत्ताच निस्तरा. इंग्रजीच्या परीक्षेची तारीखही लवकर घ्या, कारण अर्ज साधारण फेब्रुवारीत उघडतो आणि १५ मे ही शेवटची तारीख असते.

फी, राहणं-जेवण, विमानभाडं आणि इंटर्नशिपचा खर्च फेलोशिप देते. कुटुंबाचा खर्च त्यात धरलेला नाही. तेव्हा घरकर्जाचा हप्ता कोण भरणार आणि आई-वडिलांचं आजारपण कोण बघणार, हे भावंडांशी स्पष्ट बोलून मगच अर्ज भरा.