तक्रार देऊन घरी बसणाऱ्यांनो, या चुका टाळा

पंचायत समितीत आवक-जावकच्या टेबलावर मी अकरा वर्षे काढली. एखाद्या पुढाऱ्याच्या विरोधात गावातून दहा-पंधरा जण तावातावाने यायचे, निवेदन द्यायचे, देतानाचा फोटो काढून घ्यायचे आणि पायऱ्या उतरून समोरच्या हॉटेलात चहाला बसायचे. सहा महिन्यांनी त्या निवेदनाचे काय झाले हे विचारायला त्यांच्यातला कोणी परत आल्याचे मला फार थोड्या वेळा आठवते. निवृत्तीनंतर मी टेबलाच्या अलीकडे आलो आणि आमच्याच गावच्या कारभाराविरुद्ध अर्ज करू लागलो, तेव्हा यातल्या निम्म्या चुका मी स्वतःही केल्या. मराठवाड्यातली नवी मुले हल्ली सल्ला विचारायला येतात, आणि प्रत्येकाला तेच ते सांगून कंटाळा आल्यामुळे एकदाचे लिहून काढतो आहे.

आधी किती काळ लागतो ते नीट समजून घ्यावे. जळगावच्या घरकुल घोटाळ्यात महापालिकेच्या तत्कालीन आयुक्तांनी फेब्रुवारी 2006 मध्ये फिर्याद दिली आणि धुळ्याच्या न्यायालयाने माजी मंत्र्यांसह आरोपींना दोषी ठरवले ते 31 ऑगस्ट 2019 रोजी; त्यानंतरही प्रकरण अपिलात गेलेच. बिहारचा चारा घोटाळा 1996 मध्ये उघडकीस आला आणि लालूप्रसाद यादव यांची खासदारकी गेली 2013 मध्ये. जळगावच्या प्रकरणात फिर्याद आणि निकाल यांच्यामध्ये 2009 आणि 2014 अशा दोन विधानसभा निवडणुका होऊन गेल्या. म्हणजे निकालाची वाट पाहायची तर त्या मधल्या वर्षांत ग्रामसभा, अंदाजपत्रके, मतदार याद्या आणि निवडणुका यांचे काय करणार, हे आधी ठरवावे लागते. ज्याला दिवाळीपूर्वी पुढारी तुरुंगात गेलेला पाहायचा आहे, त्याने या भानगडीत पडूच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पोच न घेणे

ही माझी सर्वांत जुनी चीड आहे. "साहेब बाहेर गेलेत, कागद ठेवून जा" असे कोणी म्हटले आणि तुम्ही तो ठेवून आलात, तर तो कागद कार्यालयात आलाच नाही असे समजा. टेबलाच्या काचेखाली, फाइलच्या पोटात, कपाटावरच्या गठ्ठ्यात असे कितीतरी कागद राहतात, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर असे कागद मीही ठेवून घेतलेले आहेत. कागद आवक नोंदवहीत चढला, त्याला क्रमांक पडला आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही आली, तेव्हाच तो कागद जन्माला येतो.

आमच्या शिवारात एका ओढ्यावर सिमेंट नाला बांध झाला. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे सगळे जिला एमबी म्हणतात तिच्यात, पायाची खोली चांगली दोन मीटर दाखवली असल्याची कुणकुण होती. आम्ही तिघांनी बांधाच्या बगलेला कुदळीने उकरून पाहिले तेव्हा दीड हातावर काँक्रीट संपून मुरूम लागला. मी लगेच एमबीच्या प्रतीसाठी माहिती अधिकारात अर्ज लिहिला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संबंधित कार्यालयात नेऊन दिला. तिथला लिपिक माझ्या ओळखीचा होता, माझ्यानंतर नोकरीला लागलेला. तो म्हणाला, "अण्णा, तुम्हाला कशाला पोच पाहिजे, आपल्याच घरचं काम आहे." ज्या माणसाने अकरा वर्षे लोकांना पोच घ्यायला सांगितली, तो माणूस त्या एका वाक्यावर हात हलवत परत आला.

जानेवारीत गेलो तेव्हा साहेब बैठकीला गेले होते. फेब्रुवारीत अभियंता दौऱ्यावर होता. मार्चमध्ये सगळे कार्यालयच मार्चअखेरच्या गडबडीत होते, आणि 31 मार्चला त्याच बांधाचे अंतिम देयक निघाले. एप्रिलमध्ये मी आवाज चढवला तेव्हा नोंदवही माझ्यासमोर उघडून ठेवण्यात आली, आणि माझा अर्ज तिच्यात कुठेच नव्हता. पहिले अपील करायला गेलो तर कोणत्या तारखेच्या अर्जावर अपील करायचे, हाच प्रश्न होता. नवा अर्ज केला, या वेळी पोच घेऊन, आणि एमबी हातात आली ती जूनमध्ये. तोवर पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी बांधाच्या खालून निघून गेले होते आणि बांध कोरडा उभा होता. तक्रार त्यानंतरही केली. पण देयक अडवण्यासाठी करायची तक्रार आणि दिलेले पैसे वसूल करण्यासाठी करायची तक्रार यांत किती अंतर असते, हे ज्याने दोन्ही केल्या आहेत त्यालाच कळते.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की अर्ज दोन प्रतींत न्यायचा, पोच मिळेपर्यंत खुर्चीवरून उठायचे नाही, आणि कोणी फारच टाळाटाळ केली तर वाद न घालता तोच अर्ज टपालाने पाठवायचा. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, तेव्हा स्पीड पोस्टाची पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवायची. घरी आल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन तारखांना लाल गोल करायचे: कार्यालयाने उत्तर देण्याचे 30 दिवस पूर्ण होतात ती तारीख, आणि त्यानंतर पहिल्या अपिलाचे 30 दिवस संपतात ती तारीख. उत्तर आले नाही तर ते नाकारल्यासारखेच धरले जाते, आणि पहिले अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे करायचे असते. तिथेही काही झाले नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. आपल्या भागासाठी आयोगाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. अर्जाला 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट आणि अपिलाला 20 रुपयांचे, एवढाच खर्च. बहुतेकांचा पैसा कमी पडत नाही, कॅलेंडर कमी पडते.

याच्याच जोडीची चूक म्हणजे अर्जात जाब विचारणे. "सदर कामात भ्रष्टाचार का झाला, याची माहिती द्यावी" असे लिहिलेले अर्ज मी ढिगाने पाहिले आहेत आणि त्यांना उत्तर देणे अगदी सोपे असते, कारण 'का' हा अभिलेख नाही. कार्यालयात असलेल्या कागदाची प्रत मागा: एमबी, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, देयक. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द एवढीच मुभा आहे, त्यामुळे चौदा प्रश्नांचा फॉरवर्ड झालेला नमुना जसाच्या तसा उतरवून देणाऱ्याने आपला महिना वाया गेला असे समजावे. कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही अधिकार याच कायद्यात आहे, तो मात्र कोणी वापरत नाही.

ग्रामसभेवर बहिष्कार टाकणे

आमच्या गावात सरपंचाला पदावरून दूर करावे म्हणून ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 39 खाली अर्ज झाला. तो जिल्हा परिषदेच्या चौकशीतून विभागीय आयुक्तांकडे जाणार आणि वेळ लागणार, हे आम्हाला ठाऊक होते. तरीही अर्जावर सह्या करणाऱ्यांनी पारावर बसून ठरवले की आता आयुक्तांचा निकाल येईपर्यंत या माणसाच्या अध्यक्षतेखाली ग्रामसभेला बसायचे नाही. ऐकायला हे फार बाणेदार वाटते. मलाही त्या संध्याकाळी वाटले होते.

ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसे लागतात. 15 ऑगस्टच्या सभेला आम्ही गेलो नाही, गणपूर्ती झाली नाही आणि सभा तहकूब झाली. आम्ही त्या रात्री जिंकल्यासारखे झोपलो. तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही, हे मला नोकरीमुळे माहीत होते, आणि माहीत असूनही रागाच्या भरात मी ते पारावर सांगितले नाही. आठवड्याने ती सभा अकरा माणसांत झाली. त्या अकरा जणांत सरपंचाचे दोन चुलते आणि एक मेहुणा होता. त्या बैठकीत विकास आराखड्यातली कामे मंजूर झाली आणि घरकुलाच्या ड यादीवर, म्हणजे घर मिळण्याची वाट पाहणाऱ्यांच्या यादीवर, शिक्कामोर्तब झाले. गावाच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या एका विधवा बाईचे नाव त्या यादीतून गेले आणि सिमेंटच्या दोन मजली घरात राहणाऱ्याचे नाव कायम राहिले. ती बाई मला रस्त्यात भेटली तेव्हा रागावली नाही. एवढेच म्हणाली, "दादा, तुम्ही लोक तिथं असता तर कोणी तरी बोललं असतं."

सरपंचाची फाइल तेव्हा आयुक्त कार्यालयापर्यंत पोचलीही नव्हती.

आता मी प्रत्येक ग्रामसभेला जातो आणि दाराजवळ बसतो. हातात शंभर पानी वही असते. सभा सुरू झाली ती वेळ, हजर माणसांची संख्या, ठरावाचा क्रमांक, सूचक आणि अनुमोदक एवढेच त्यात लिहितो. भाषण करत नाही. सभा संपली की उठून एकच विनंती करतो, की प्रोसिडिंगच्या, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या, शेवटच्या ओळीखाली सर्वांसमोर आडवी रेघ मारून सही व्हावी, कारण कोऱ्या जागेत नंतर ठराव उगवतात. पहिल्या वेळी ग्रामसेवक चिडला, दुसऱ्या वेळी हसला, तिसऱ्या वेळेपासून तो स्वतःच रेघ मारतो. दुसऱ्या दिवशी प्रोसिडिंगच्या प्रतीसाठी अर्ज जातो, अर्थातच पोच घेऊन. ही काही शास्त्रशुद्ध पद्धत आहे असा माझा दावा नाही. परंतु घरोघरी वही फिरवून सह्या गोळा करण्याचा आमच्या गावातला जुना प्रघात हिच्यामुळे बराच कमी झाला.

बाकीच्या, लहान वाटणाऱ्या

राजीनामा, दोषारोपपत्र आणि शिक्षा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तेव्हा पहिल्या दोहोंवर गुलाल उधळू नये. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 8 प्रमाणे अपात्रता येते ती दोषी ठरल्यावर, एरवी किमान दोन वर्षांच्या शिक्षेला, आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली तर नुसत्या दंडालाही. अपील दाखल करून पद टिकवण्याची पळवाट सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्ये बंद केली. दोषारोपपत्र दाखल असलेला उमेदवार मात्र निवडणूक लढवू शकतो, म्हणून त्याचे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेऊन पारावर वाचून दाखवणे हे निकालाची वाट पाहण्यापेक्षा अधिक उपयोगाचे काम आहे.

"लाचलुचपतवाले काहीच करत नाहीत" अशी ओरड करण्यापूर्वी, परवानगी कोणाकडे अडली आहे ते पाहावे. जुलै 2018 पासून लोकसेवकाने पदावर असताना घेतलेल्या निर्णयाच्या चौकशीला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 17अ नुसार आधी सरकारची मान्यता लागते आणि ती तीन महिन्यांत, फार तर आणखी एक महिना घेऊन, देणे अपेक्षित आहे. ही मान्यता देणाऱ्या खात्याला फक्त तारखा विचाराव्यात: प्रस्ताव कधी आला, कोणाकडे गेला. लाच मागितली जात असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पैसे देण्याआधीच 1064 ला फोन करावा.

उपोषणाविषयी मला फारसा आदर उरलेला नाही, हे मान्य करतो. 17 सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर बसायचे आणि दुसऱ्या दिवशी "उचित कार्यवाही करण्यात येईल" या लेखी आश्वासनावर मोसंबीचा रस घेऊन उठायचे, हे दरवर्षीचे झाले आहे. ज्या पत्रावर जावक क्रमांक, चौकशी करणाऱ्याचे पदनाम आणि मुदतीची तारीख नाही, त्या पत्रावर उठू नये, किंवा मुळात बसूच नये.

विरोधी पुढाऱ्याच्या गाडीत बसून तक्रार द्यायला जाऊ नये. तो पक्ष बदलतो त्या दिवशी तुमची तक्रार पोरकी होते.

आपल्याकडे तक्रारीचा मजकूर वाचण्याआधी तक्रारदाराचे आडनाव वाचले जाते. त्यामुळे सह्या एकाच आळीतल्या घेऊ नयेत. वस्ती, तांडा, गावठाण सगळीकडच्या घ्याव्यात, आणि जमल्यास पहिली सही ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याच भावकीतल्या माणसाची असावी. आमच्या अर्जावर ती मिळवायला मला चार महिने लागले आणि त्या चार महिन्यांसाठी तरुणांनी माझी यथेच्छ टिंगल केली. चौकशी अधिकारी गावात आला तेव्हा "हे जातीचं राजकारण आहे" असे म्हणायला मात्र कोणाचे तोंड उघडले नाही.

व्हॉट्सॲपवर कोणाला चोर लिहू नये. कागदात काय दिसते तेवढेच लिहावे, नाहीतर घोटाळ्याचा खटला उभा राहण्याआधी तुमच्यावर मानहानीचा उभा राहतो.

एकट्याने फिरू नये. केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 रोजी अपहरण करून हत्या झाली. त्यानंतर ही सूचना मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावी लागू नये. अर्जावर निदान पाच जणांची नावे असावीत, कागदांचा एक संच तालुक्याच्या वकिलाकडे आणि एक परगावच्या नातेवाइकाकडे ठेवावा, आणि तो ठेवला आहे हे गावात सर्वांना कळू द्यावे.

शेवटी मतदार यादी. सगळा राग मतपेटीत काढू म्हणणाऱ्या दोघांची नावे गेल्या खेपेला यादीतच नव्हती, कारण ती वगळली गेली तेव्हा त्यांनी पाहिली नव्हती. नाव नोंदवायला आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार पात्रता तारखा आहेत. माझ्या कॅलेंडरवर त्या चारही तारखांना निळा गोल असतो, आणि त्या आठवड्यात मी केवळ स्वतःचे नाव पाहत नाही, तर आमच्या आळीतली चाळीस-बेचाळीस नावे शाळेच्या ओट्यावर बसून बीएलओबरोबर, म्हणजे मतदार यादीचे काम पाहणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याबरोबर, एकेक करून वाचतो.