नेट, वाय-फाय, क्लाउड, कुकीज: पालकांसाठी रोजच्या शब्दांची उकल

‘नेट चालत नाहीये’ अशी हाक आतल्या खोलीतून आली, की बिघाड चारपैकी एका ठिकाणी असतो: हातातल्या यंत्रात, घरात आलेल्या जोडणीत, मुलाच्या खात्यात किंवा समोरच्या वेबसाइटवर. कॉम्प्युटर आणि इंटरनेटचे जवळजवळ सगळे शब्द या चार ठिकाणांत वाटले गेले आहेत. व्याख्या पाठ करण्यापेक्षा कुठला शब्द कुठल्या ठिकाणचा, एवढं पक्कं करा. काय बंद करायचं, काय पुसायचं आणि कोणाला फोन लावायचा, हे त्यावरूनच ठरतं.

तपासायची रीत अशी. बाकी सगळं उघडतंय आणि एकच वेबसाइट अडून बसली आहे, तर दोष त्या वेबसाइटचा. दहावीचा निकाल लागतो त्या दुपारी हेच होतं. एका फोनवर चालतंय आणि दुसऱ्यावर नाही, तर यंत्राचा. घरातल्या सगळ्यांचंच बंद असेल, तर जोडणीचा. आणि पान उघडतंय, पण ‘पासवर्ड चुकला’ किंवा ‘परवानगी नाही’ असं येतंय, तर खात्याचा.

जोडणी

वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. फोन आणि राउटर (घरभर नेट वाटणारं यंत्र) यांच्यातली बिनतारी जोडणी म्हणजे वाय-फाय. राउटरपासून पुढे बाहेर जाते ती फायबरची वायर. त्यामुळे फोनवर वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या आणि नेट मात्र बंद, असं होऊ शकतं. अशा वेळी फायबरची वायर ज्या डब्यात शिरते, त्याकडे बघा. ‘एलओएस’ असं लिहिलेला दिवा लाल पेटला असेल किंवा लुकलुकत असेल, तर बाहेरून सिग्नलच येत नाहीये: वायर कुठेतरी तुटली, दुमडली किंवा निसटली आहे. राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही. डब्यामागची बारीक वायर कपाटाखाली दबली नाही ना, ते पाहा आणि नेटवाल्याला ‘एलओएस लाल आहे’ असं सांगा. तो वायर तपासायच्या तयारीनेच येईल. लाल दिवा नाही आणि तरीही नेट नाही, तर राउटरचा प्लग काढा, तीस सेकंद थांबा, परत लावा आणि दोन-तीन मिनिटं जाऊ द्या.

राउटर बऱ्याचदा फोनच्या वाय-फाय यादीत दोन नावं दाखवतो आणि त्यातल्या एकाच्या शेवटी ‘५जी’ असतं. मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचा संबंध नाही. तो वाय-फायच्या लहरींचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा: वेग जास्त, पण भिंती आल्या की लवकर क्षीण होतो. २.४ गिगाहर्ट्झचा वेग कमी, पण पोच लांबवर. मुलाची अभ्यासाची खोली राउटरपासून दोन भिंती पलीकडे असेल, तर ऑनलाइन तासासाठी २.४ वालं नाव निवडून पाहा.

प्लॅनवर लिहिलेले एमबीपीएस आणि फाइलचे एमबी ही वेगवेगळी मापं आहेत. पहिलं बिटमध्ये मोजतात, दुसरं बाइटमध्ये, आणि ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी उतरतात. १ जीबीचा गेम उतरायला दीड मिनिटाच्या आसपास लागला, तर कंपनीने फसवलेलं नाही. व्हिडिओवरच्या एका तासाला तीन-चार एमबीपीएस पुरतात. चित्र अडकतं ते बहुधा वाय-फाय कमजोर असल्यामुळे. महागडा प्लॅन घेऊन ते सुटत नाही.

राउटरला दोन पासवर्ड असतात, आणि पालकांचं बहुतेक वेळा इथेच चुकतं. एक वाय-फायचा, जो पाहुण्यांनाही सांगतो. दुसरा राउटरच्या सेटिंगचा. राउटर उलटा केला की खालच्या चिकटपट्टीवर बहुधा दोन्ही छापलेले असतात, शेजारी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ यांसारखा पत्ता असतो. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की सेटिंगचं पान उघडतं. रात्री दहानंतर मुलाच्या टॅबचं नेट बंद करायची सोय बऱ्याच राउटरमध्ये इथेच असते. पण छापलेला पासवर्ड बदलला नाही, तर चिकटपट्टी वाचता येणारं कोणीही ती बंधनं काढू शकतं. आणि राउटरवरचं कुठलंही बंधन मोबाइल डेटा सुरू केला की संपतं, कारण मग फोन राउटरमधून जातच नाही.

यंत्र

रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि स्टोरेज म्हणजे फडताळ: ओटा लहान असेल तर एका वेळी कमी पदार्थ होतात, फडताळ कितीही मोठं असो. शाळा-कॉलेजसाठी लॅपटॉप घेताना ८ जीबी रॅम किमान धरा. स्टोरेज एसएसडी प्रकारचंच, म्हणजे फिरता भाग नसलेलं, असू दे. जास्त जागेची हार्ड डिस्क कागदावर मोठी दिसते, पण तिच्यात फिरती चकती असते आणि नुसतं सुरू व्हायलाही वेळ खाते. २५६ जीबीची एसएसडी त्यापेक्षा कामाची. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम आतल्या पाटीवरच पक्की बसवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. ‘रॅमचा स्लॉट रिकामा आहे का?’ हे दुकानातच विचारून घ्या.

फोन भरला की लोक सेटिंगमध्ये जाऊन समोर दिसेल ते बटण दाबतात. ‘क्लिअर कॅश’ निर्धास्त दाबा. कॅश म्हणजे अ‍ॅपने पुन्हा लागेल म्हणून जमवून ठेवलेल्या प्रती, त्या परत तयार होतात. ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ मात्र त्या अ‍ॅपचं लॉगिन, सेटिंग आणि फोनवरचा मजकूर सगळं पुसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर बॅकअप न घेता ते दाबलं, तर शाळेच्या गटातले जुने मेसेज गेले.

वेबसाइट आणि तिचा पत्ता

क्रोम हा ब्राउझर: वेबसाइट दाखवणारं अ‍ॅप. गूगल हे सर्च इंजिन: वेबसाइट शोधून देणारी सेवा. हा फरक कळला की एक धोका लगेच दिसतो. ‘अकरावी प्रवेश’ असं शोधल्यावर वरती येणाऱ्या पहिल्या ओळी जाहिराती असू शकतात. तिथे पैसे देऊन वर बसता येतं. ‘स्पॉन्सर्ड’ असं लिहिलेलं दिसलं, तर खाली सरका.

पत्ता वाचायची पद्धत एकदा बसून शिकून घ्या, आणि मुलांनाही शिकवा. सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’ आणि दोन तिरक्या रेघा सोडा. त्यानंतरची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिच्यापासून मागे, उजवीकडून डावीकडे वाचा. मालक कोण, हे शेवटच्या दोन-तीन तुकड्यांत असतं. ‘महरिझल्ट डॉट एनआयसी डॉट इन’ या बोर्डाच्या निकालाच्या पत्त्याचा शेवट ‘एनआयसी डॉट इन’ आहे, म्हणजे सरकारी. ‘महरिझल्ट डॉट एनआयसी डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम’ असा पत्ता आला, तर तो अमुकतमुकचा आहे. पुढचे ओळखीचे शब्द त्याने नुसते चिकटवले आहेत.

‘जीओव्ही डॉट इन’ सरकारी संस्थांनाच मिळतं. पण सगळ्या खऱ्या साइट त्यावर नसतात: राज्याच्या सीईटी कक्षाचा पत्ता ‘महासीईटी डॉट ओआरजी’ वर आहे आणि ‘ओआरजी’ कोणीही विकत घेऊ शकतं. म्हणून प्रवेशाच्या काळात पत्ता शोधू नका. शाळेच्या सूचनाफलकावरून किंवा माहितीपुस्तिकेतून उतरवून घ्या, स्वतः टाइप करा आणि बुकमार्क करून ठेवा. बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हा वेगळा शेवट आला आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना तिकडे जायला ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती.

आणि ‘एचटीटीपीएस’ असलं की पत्त्याशेजारी दिसायचं ते कुलूप. ‘एचटीटीपीएस’ एवढंच सांगतं की तुम्ही आणि ती वेबसाइट यांच्यातला मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही. पलीकडचा माणूस सच्चा आहे असं ते सांगत नाही. भामट्यांच्या साइटलाही ते फुकट मिळतं. या गैरसमजामुळेच क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह काढून टाकलं.

खातं

चारांपैकी सर्वांत जास्त लक्ष द्यायची जागा हीच. मुलाच्या खात्यावर जन्मवर्ष कोणतं आहे, ते आजच पाहा: फोनच्या सेटिंगमध्ये ‘गूगल’, मग ‘मॅनेज युअर गूगल अकाउंट’, मग ‘पर्सनल इन्फो’, मग ‘बर्थडे’. खातं पटकन उघडावं म्हणून घातलेलं १९८८ हे वर्ष मुलाला प्रौढ ठरवतं, आणि वयावर अवलंबून असलेलं प्रत्येक संरक्षण गळून पडतं. इन्स्टाग्रामच्या ‘टीन अकाउंट’चंही तेच: खरं वय असेल तर खातं आपोआप खासगी होतं आणि १६ वर्षांखालच्या मुलांना ते ढिलं करायला पालकांची परवानगी लागते. १३ वर्षांखालच्या मुलासाठी गूगल खातं ‘फॅमिली लिंक’ या गूगलच्याच पालकांसाठीच्या अ‍ॅपमधून उघडा, कुठलं अ‍ॅप घ्यायचं, किती वेळ बघायचं, हे तुमच्या फोनवरून ठरवता येतं. आधीच्या खात्यावरचं वय दुरुस्त करून १३ खाली आणलंत, तर गूगल पालकांची देखरेख जोडायला सांगतं आणि ती न जोडल्यास खातं बंद करतं. म्हणून आधी फोटो आणि फाइली दुसरीकडे उतरवून घ्या.

आईच्या फोनवर आईच्याच खात्यातून मूल यूट्यूब बघत असेल, तर यूट्यूबच्या दृष्टीने बघणारी व्यक्ती चाळिशीची असते. शिवाय त्या खात्याला कार्ड किंवा यूपीआय जोडलेलं असतं. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘पर्चेस व्हेरिफिकेशन’ चालू करा, म्हणजे गेममधल्या प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोट लागेल.

क्लाउड म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटरवरची, तुमच्या खात्याला जोडलेली जागा. तिथे ठेवण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत फार महागात पडते. बॅकअप म्हणजे वेगळी प्रत. सिंक म्हणजे दोन्हीकडे एकच स्थिती: इकडे पुसलं की तिकडेही पुसलं. गूगल फोटोजमधून फोटो डिलीट केला, तर तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडवरूनही. बॅकअप झालेले फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात, तेवढ्यात परत आणता येतात. फक्त फोनवरची जागा रिकामी करायची असेल, तर ‘फ्री अप स्पेस’ वापरा. गूगलची मोफत जागा १५ जीबी. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. ती भरली की नवीन ईमेल येणंच थांबतं. प्रवेशाच्या महिनाभर आधी हे तपासा, नाहीतर कॉलेजचा ईमेल तुमच्यापर्यंत पोचणारच नाही.

हिस्टरी, इनकॉग्निटो, कुकीज

इनकॉग्निटो ही ब्राउझरची ‘गुप्त’ खिडकी एवढंच करते: त्या यंत्रावरच्या हिस्टरीत (काय काय पाहिलं त्या यादीत) खूण ठेवत नाही. नेट पुरवणाऱ्या कंपनीला, शाळेच्या नेटवर्कला आणि वेबसाइटला भेट दिसतेच. उलट, ब्राउझरमधली हिस्टरी पुसली तरी गूगल खात्यातली ‘माय अ‍ॅक्टिव्हिटी’ ही नोंद शिल्लक राहू शकते; ती वेगळी पुसावी लागते. कुकी म्हणजे वेबसाइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची छोटी फाइल. तिच्यामुळेच दर वेळी पासवर्ड मागितला जात नाही. म्हणून सायबर कॅफेत किंवा शाळेच्या कॉम्प्युटरवर खिडकी नुसती बंद करून उठू नका, आधी ‘साइन आउट’ करा.

एपीके, परवानग्या आणि ओटीपी

एपीके ही अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल. प्ले स्टोअर सोडून व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका, आरटीओचं चलान किंवा गेमची ‘मोफत’ आवृत्ती म्हणून जी फाइल येते, तिच्या नावाच्या शेवटी ‘डॉट एपीके’ दिसलं की उघडू नका. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते, अ‍ॅप नसते. असं अ‍ॅप बसलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि ती दिली की बँकेचे ओटीपी थेट चोराकडे जातात. चुकून बसलंच, तर आधी विमान मोड लावा, मग अ‍ॅप काढा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.

ओटीपी एका वेळेचा असतो, यूपीआय पिन कायमचा. पिन टाकला की पैसे जातात. पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआरही स्कॅन करावा लागत नाही. जुनी सायकल विकायला काढलेल्या मुलाला हेच सांगून ठेवा. ‘माझा सहा आकडी कोड चुकून तुझ्याकडे आलाय’ असा मित्राच्या नावाने मेसेज आला, तर तो तुमचंच व्हॉट्सअ‍ॅप पळवायचा प्रयत्न आहे. त्यावर उपाय: व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘अकाउंट’, मग ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’, आणि स्वतःचा सहा आकडी पिन.

पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर फोन करा. जितक्या लवकर, तितकी रक्कम पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि ज्या खात्यातून गेले त्याची माहिती हाताशी ठेवा. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट काढा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांशी संबंधित तक्रारींचा वेगळा विभाग आहे आणि तिथे नाव न सांगताही नोंद करता येते. मुलाचा खासगी फोटो कोणी पसरवण्याची धमकी देत असेल, तर पैसे देऊ नका आणि मुलावर ओरडू नका, कारण ते गप्प झालं की पुरावाही गेला आणि वेळही. ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा १८ वर्षांखालच्या मुलांच्या अशा फोटोंसाठी आहे: फोटो तुमच्या फोनबाहेर जात नाही, त्याची फक्त आकडी खूण तयार होते आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून तो शोधून काढून टाकू शकतात. मुलांची मदतवाहिनी १०९८, दिवसरात्र सुरू.